संस्थेवरचं पाचट

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या दूध संस्थेचं दूध तीनदा नासून परत आलं. संस्था म्हणजे पत्र्याची एक खोली. दुपारी आत पाऊल टाकलं की आपलाच जीव नकोसा व्हायचा, तिथं दुधाचं काय सांगावं? डेअरीवाल्यांनी बजावलं, चौथ्यांदा नासलं तर केजहून येणारी गाडी बंद. गाडी बंद म्हणजे आमची म्हैस विकायची आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन पुन्हा ऊसतोडीला जायचं. दहा वर्षं मी तेच केलं होतं. मला पुन्हा जायचं नव्हतं, अजिबात नव्हतं.

मी चेअरमनना म्हटलं, "पत्र्यावर उसाचं पाचट टाकू, भवतीनं तुराट्याचा कूड घालू. तोडीवरच्या आमच्या कोप्या भर उन्हात गार ऱ्हात्यात."

"ही संस्था हाय बाई, तोडवाल्याची कोपी न्हाई," ते म्हणाले. "लोकं काय म्हणतील?"

"आन नासल्या दुधाला लोकं लई चांगलं म्हणत्यात व्हय?"

त्यांनाच हसू आलं आणि माझं काम झालं.

सामान फुकटचं होतं. ज्याच्या विहिरीला थोडं पाणी होतं त्याचा ऊस जनावरांनी खाल्ला, वाळल्या पानांचं पाचट बांधावर पडून राहिलं. तुरीच्या वाळल्या काड्या, तुराट्या, घरोघरी चुलीसाठी रचलेल्या. अडलं ते चिखलाशी. टँकरचं पाणी मातीत ओतायला कोण देणार? मग दुधाचे कॅन धुतलेलं पाणी आठवडाभर साठवलं. त्याला असा वास सुटला की नवरा जेवायला माझ्यापासून चार हात लांब बसायचा. त्या पाण्यात माती, शेण, भुसा तुडवला आणि तुराट्या उभ्या बांधून कूड लिंपला. छप्पर मी एकटीनं बांधलं, सवयीच्या हातानं, आणि मनातल्या मनात स्वतःवर खूश झाले.

पाचव्या दिवशी वावटळ आली. अर्धं पाचट उडून पारावर जाऊन पडलं. वर चढून पाहते तर प्रत्येक दोरीला सुरगाठ, एक टोक ओढलं की सुटणारी. कोपी आम्ही तशीच बांधतो. हंगाम संपून साखर कारखाना बंद झाला की गाठी सोडायच्या, बांबू गाडीत टाकायचे आणि निघायचं. माझ्या हातांना दुसरी गाठ माहीतच नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवऱ्यानं खालून दोरी फेकली. "आता कुटं निगायचंय का आपल्याला? निरगाठ मार की!"

मारल्या. दातांनी आवळून एकेक मारली.

त्यानंतर दूध नासलं नाही. चेअरमन दुपारची झोप घरची सोडून तिथंच काढू लागले. पाऊस जेवढा पडला तेवढा त्या छपरानं सोसला.

दिवाळी झाली. तोडीला निघालेल्या गाड्या गावातून जात होत्या, तेव्हा मी किटली घेऊन संस्थेच्या दारात रांगेत उभी होते. सहज हात वर गेला, वळचणीची एक गाठ ओढून पाहिली. ती सुटली नाही.