एकादशीने अडवलेलं भरीत

शकुंतलाअक्कांवर अन्याय झाला तो गेल्या शुक्रवारी, सकाळी साडेअकरा वाजता. अक्का सोनगीरला हायवेवर भरीत करून विकतात. आमच्या जळगावच्या कंपनीने त्यांना जेवणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या अ‍ॅपवरून ब्लॉक केलं. कारण दिलं, 'ऑर्डरला प्रतिसाद देत नाहीत.' धडधडीत खोटं!

थंडीतला शनिवार-रविवार म्हणजे भरीत पार्ट्या. तोच हातचा गेला, तर अक्का आणि त्यांच्या चुलीवरच्या बाया काय करणार?

अक्कांचा मला फोन आला. "पोरी, फोन सकायपासून हातमाच शे. एक बी मेसेज उना नही!"

मी त्या अ‍ॅपची डेव्हलपर. तडक सरांकडे गेले.

"सर, अक्कांना सकाळपासून एकही मेसेज आलेला नाही. पोचला का, ते आधी बघू."

"सिस्टिम ऑटोमॅटिक आहे. बाईंना मोबाईल कळत नसेल."

"मग आपल्या जाहिरातीत 'बेस्ट किचन' म्हणून फोटो कुणाचा आहे?"

"बघ काय ते," म्हणत सरांनी चहा ओढून घेतला.

आता भानगड सांगते. डेटाबेसमध्ये ऑर्डर आली, बदलली किंवा पुसली गेली, की त्या बदलाची नोंद एका रांगेत लागते. ही रांग म्हणजे स्ट्रीम. नोंद आली की आमचं फंक्शन, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, जागं होतं, किचनला मेसेज धाडतं आणि परत झोपतं. याला सर्व्हरलेस म्हणतात. सर्व्हर असतोच, तो सांभाळायची कटकट फक्त आपली नसते.

लॉग, म्हणजे सिस्टिमची नोंदवही, उघडला. धुळ्याच्या एका नानांच्या ऑर्डरवर एकच एरर, पुन्हा पुन्हा. नानांना फोन लावला.

"अहो, सोमवारची पार्टी टाकली आणि बायको ओरडली, एकादशी आहे! वांगं खाऊन आलो तर घरात घेईल का मला? केली रद्द. बटण तुमचंच ना?"

बटण आमचंच. ते दाबलं की ऑर्डर पुसली जाते. पुसलेल्या ऑर्डरच्या नोंदीत नवी माहिती नसते, फक्त जुनी असते. आमचं फंक्शन नवी शोधायचं आणि कोसळायचं. सिस्टिम परत तीच नोंद पुढे करायची. मागे सोनगीर-धुळ्याची अख्खी रांग खोळंबलेली. उत्तर न आलेल्या ऑर्डरी सगळ्यात जास्त अक्कांच्या, म्हणून सिस्टिमने ब्लॉकही आधी त्यांनाच केलं!

"पण भरीत पार्टी रद्द कोण करतं?" सर म्हणाले. याच भरवशावर ते बटण कुणी टेस्ट केलं नव्हतं.

पुसलेल्या ऑर्डरसाठी फंक्शनला जुनी माहिती वाचायला लावली. काही प्रयत्नांत न जमलेली नोंद बाजूला काढायची सोय केली. दुपारी रांग सुटली आणि अक्कांचा फोन आला.

"बठ्ठा मेसेज एकदमच उनात! बठ्ठा वांगा आजच भाजू का?"

"नाही अक्का, सगळी आज नको, उद्या-परवाच्या ऑर्डरी आहेत!"

सर म्हणाले, गुपचूप अनब्लॉक करून टाक. मी म्हटलं, चूक कुणाची ते लिहून. शेवटी त्यांनी स्वतः फोन करून माफी मागितली. अक्कांनी त्यांना रविवारी जेवायला बोलावलं. वर बजावलं, "ऑर्डर अ‍ॅपवरूनच टाका."

ऑर्डर रद्द होणं हेही कामच आहे. ज्याने ते हिशोबात धरलं नाही, त्याने दुसऱ्याला आळशी म्हणू नये.

आणि तुम्ही! तुमच्या ओळखीच्या कुणाला अ‍ॅपने 'प्रतिसाद नाही' म्हणून काढलं, तर गप्प बसू नका. मेसेज पोचल्याचा पुरावा मागा. मिळेपर्यंत फोन ठेवू नका.