व्लास्ताबाईंचं व्हेनिसमधलं जेवण

आमच्या देशाची सरहद्द इतक्या वर्षांनी उघडली त्याच उन्हाळ्यात आमच्या शाळेनं व्हेनिसची सहल काढली. सहल म्हणजे रात्रभर बसमध्ये अवघडून जायचं, दिवसभर पायी हिंडायचं आणि पुन्हा रात्रभर अवघडून परत यायचं. हॉटेल नाही, खाणावळ नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण आमचं अंथरूणच हातरुमालाएवढं होतं. बँकेनं माणशी ज्या लिरा बदलून दिल्या त्यांत तिथं काय येणार, हे कुणाला धड माहीत नव्हतं. फार काही येणार नाही, एवढं सगळ्यांना कळलं होतं. म्हणून पाव, मांसाचे डबे, थर्मासमधला चहा, सगळं घरून. शिवाय पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले मांसाचे काप, आख्ख्या बसला पुरतील एवढे.

ते तळले होते व्लास्ताबाईंनी. शाळेच्या जेवणघरात त्या स्वयंपाकीण, आणि मी ओल्डा, त्याच शाळेचा शिपाई. जेवणघराला दोन खिडक्या होत्या. एकीतून त्या गरम ताटं बाहेर सरकवायच्या आणि दुसरीतून उष्टी ताटं आत यायची. पोरंच ती, अर्धं टाकायची. एखादं ताट न शिवता परत आलं की बाई ते हातात धरून जरा वेळ तशाच उभ्या राहायच्या, मग बादलीत ओतायच्या. घरी नवरा, दोन मुलगे आणि खाष्ट सासू. तिथंही वाढणाऱ्या त्याच. इतक्या वर्षांत मी बाईंना बसून जेवताना कधी पाहिलं नव्हतं. पातेल्यातूनच, उभ्यानं, दोन चमचे.

व्हिएन्ना मागे पडल्यावर बस पेंगायला लागली, तेव्हा त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"ओल्डा, कुणाला सांगू नकोस. मला तिथं एकदा जेवायला बसायचंय. खुर्चीवर. दुसऱ्या कुणी रांधलेलं, दुसऱ्या कुणी पुढ्यात आणून ठेवलेलं."

"आणि पैसे कुठून आणणार?"

"कॉफी पिणार नाही, बोटीत बसणार नाही. संडासालासुद्धा जाणार नाही. तिथं त्याचेही पैसे घेतात म्हणे."

"मग बाई, पाणी पिऊ नका."

"नाहीच पिणार."

मला वाटलं, थट्टा चाललीय. पण बाईंनी शब्द पाळला. ऊन असं की दगडी फरशीवर पाव भाजावा, आणि भूगोलाचे कौदेला मास्तर आम्हाला बदकांसारखं पूल चढवत होते, उतरवत होते. इतर लोक नळ दिसला की तोंड लावत. व्लास्ताबाई तोंड फिरवून उभ्या राहत. दुपारपर्यंत त्यांचे ओठ पांढरे पडले. मोठ्या चौकाच्या पायऱ्यांवर आमच्या मंडळींनी डबे उघडले तेव्हा बाईंनी सगळ्यांना वाढलं आणि माझी बाही ओढली. "चल बरोबर. एकटीनं आत शिरायला मला भीती वाटते. हाकलून दिलं तर?"

गल्लीमागून गल्ली झाली. प्रत्येक दाराशी पदार्थांची पाटी, आणि बाई पाटीची फक्त उजवी, किमतींची बाजू वाचायच्या. शेवटी एका अंधाऱ्या खाणावळीच्या पाटीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हा पदार्थ काय आहे?" मी विचारलं.

"काही का असेना. आकडा बसतोय."

माझ्या लिरा सकाळीच बिअरवर खर्च झाल्या होत्या. त्यामुळे मी समोर नुसताच बसलो, आणि वाढप्यानं माझ्याकडे पाहून नाक मुरडलं. बाईंसाठी मात्र त्यानं कागद अंथरला, काटा ठेवला, पावाची टोपली ठेवली. बाईंनी हात मांडीवर ठेवले, मग टेबलावर, मग परत मांडीवर. परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या दिसत होत्या.

मग ताट आलं. काळंकुट्ट. लांबलचक शेवया आणि त्यांच्यावर काजळ घोटल्यासारखा रस. तो समुद्रातल्या एका प्राण्याच्या शाईचा असतो आणि तिथं आवडीनं खातात, हे मास्तरांकडून नंतर कळलं. आम्ही बिनसमुद्राच्या देशातली माणसं. माझं डोकं सणकलं.

"जळकं दिलंय. भिकारडे पाहुणे म्हणून खपवतायत. थांबा, परत पाठवतो."

"खाली बस."

"अहो बाई, याच्यासाठी दिवसभर तहानलेल्या राहिलात?"

"खाली बस म्हटलं ना. आत कुणीतरी उभी असेल. भरलेलं ताट परत आलं की कसं वाटतं, ते मला विचार."

मी बसलो. आयुष्यात या बाईनं एकच गोष्ट मागितली आणि तिचाही कोळसा झाला. बाईंनी काट्यावर थोडंसं गुंडाळलं, डोळे मिटले आणि तोंडात घातलं. चावता चावता थांबल्या.

"ओल्डा, जळकं नाहीय हे."

"मग काय आहे?"

"कोण जाणे. खारट आहे. पण चांगलं आहे रे."

त्या सावकाश जेवल्या. वाढप्यानं न मागता पाण्याची सुरई ठेवली, तीही संपवली. ओठ काळे, दात काळे. मला 'एक घास घे' असं त्यांनी म्हटलंसुद्धा नाही. असं त्यांच्याकडून पहिल्यांदाच घडत होतं आणि मला त्याचा फार आनंद झाला. शेवटी पावानं ताट पुसून लख्ख केलं, आणि सवयीनं ते उचलून बाई स्वयंपाकघराकडे निघाल्या. वाढपी हसत आडवा आला. त्यानं ताट काढून घेतलं आणि आत काहीतरी ओरडून सांगितलं.

स्वयंपाकघराच्या दारात एक जाडजूड बाई आली, घामानं निथळत होती. तिनं आधी ताटाकडे पाहिलं, मग व्लास्ताबाईंच्या काळ्या दातांकडे.

"फार छान झालं होतं," व्लास्ताबाई आमच्या भाषेत म्हणाल्या.

हे वाक्य आमच्या शाळेच्या खिडकीत त्यांना कुणी म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या बाईला आमची भाषा येत नव्हती. तिनं ॲप्रनला हात पुसले, व्लास्ताबाईंचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.