उसन्या आजीचा मुक्काम

सरकारचा माणूस येणार म्हटल्यावर दक्षिण आफ्रिकेतल्या क्लिपवाल गावच्या वृद्धाश्रमातल्या मेट्रन स्ट्राउसबाईंना एकदम काळ्या म्हाताऱ्यांची आठवण झाली. आश्रम चालायचा सरकारी पैशावर, आणि सरकारचं म्हणणं, पैसा सगळ्यांचा तर पलंगही सगळ्यांना. आश्रमात मात्र एकजात गोरे. मग काय, बाईंनी पलीकडच्या वस्तीतल्या चर्चमधून पाच म्हाताऱ्या दिवसापुरत्या उसन्या आणवल्या. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशा.

त्यातली एक डिसेबो मोखेले. गुडघे गेलेले, नवरा गेलेला, मुलगा जोहान्सबर्गला गेला तो गेलाच. घरचा संडास अंगणाच्या पार टोकाला. हिवाळ्यात तिथवर जाणं म्हणजे दिव्यच. इथं जागा मिळावी म्हणून तिनं किती खेटे घातले, आणि दरवेळी मेट्रनबाईंनी गोड हसून "जागा नाही हो आजी" म्हणत तिला वाटेला लावलं. आज त्याच बाई व्हॅनपाशी हात द्यायला उभ्या.

"कुणी विचारलं तर ईस्टरपासून इथंच राहतो म्हणायचं," त्या म्हणाल्या. "जेवा, बसा, चारला घरी."

जेवण झकास होतं. मटण, मनुका घातलेला पिवळा भात, दालचिनीतला भोपळा. या पाचजणींचं टेबल खिडकीपाशी, वेगळं, मानाचं म्हणे. सरकारी साहेब निघाला थाबांग नावाचा पोरगेलासा तरुण, डिसेबोच्याच सोथो जमातीचा. तो डिसेबोपाशी वाकला.

"आई, कधीपासून आहात इथं?"

"ईस्टरपासून, बाळा."

"आणि खोली कुठली?"

हे काही पढवलेलं नव्हतं. बाकीच्या चौघी ताटात बघायला लागल्या. डिसेबो मात्र काठी टेकत उठली. येतानाच तिनं हेरून ठेवलं होतं: संडासाला लागून, उन्हाची, रिकामी खोली. ती आत जाऊन पलंगावर ऐसपैस बसली.

"ही बघ. उशी जरा कडक आहे, तेवढं मेट्रनबाईंना सांग."

थाबांगनं तिथल्या तिथं सांगितलं. मेट्रनबाईंनी मान डोलावली. बिचाऱ्या करतात काय.

चारला व्हॅन आली. साहेब गेला होता, पण डिसेबो पलंगावरून हलेना.

"आजी, चला, उशीर होतोय," मेट्रनबाई म्हणाल्या.

"कुठं चला? मी इथं राहते. साहेबाला तसंच सांगितलंय. तो पुन्हा आला आणि म्हातारी दिसली नाही, तर विचारेल ना, कुठं पुरलीत म्हणून?"

मेट्रनबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात त्या पाचजणींतलीच एक, डिसेबोची वस्तीतली मैत्रीण मम्फो, कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"लाज आहे का गं? लोक म्हणतील, पोरानं आईला टाकली."

"टाकलीच आहे, मम्फो. तुला ठाऊक, मला ठाऊक. मग गरम पाणी येतं तिथं का पडू नये मी?"

 मम्फोनं आपल्या खांद्यावरची घोंगडी काढली, डिसेबोच्या पायांवर टाकली आणि नाक ओढत व्हॅनकडे गेली.

संध्याकाळी जेवायला एकच टेबल. रिकामी खुर्ची होती ती नेमकी हेस्टरबाईंशेजारी, आणि हेस्टरबाई म्हणजे आश्रमातली सगळ्यात आंबट म्हातारी. इथली रीत अशी की सगळ्यांनी हात धरायचे आणि गर्टकाकांनी प्रार्थना म्हणायची. साखळी पुरी जुळल्याशिवाय काका तोंड उघडत नसत. डिसेबोचा हात टेबलावर पडून राहिला, हेस्टरबाईंचा मांडीवर. काका डोळे मिटून थांबले. सूप निवायला लागलं.

"हेस्टर, भूक लागलीय," पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"माझा सांधा दुखतोय."

"आमच्या पोटात दुखतंय त्याचं काय?"

हेस्टरबाईंनी नाक मुरडलं आणि दोन बोटं पुढं केली. डिसेबोनं अख्खा हातच धरला. त्या दिवशी काकांना आजारी माणसं, गुरं, पाऊस, सगळं सगळं आठवलं. प्रार्थना संपता संपेना. डिसेबोचे डोळे भरून आले. ती आली होती पलंगासाठी, संडासासाठी. नवरा गेल्यापासून तिचा हात कुणी धरला नव्हता, आणि तो धरला जावासा वाटतो हेही ती विसरून गेली होती.

आमेन झालं. चमचे वाजायला लागले.

"केवढा गार हात गं तुझा," हेस्टरबाई करवादल्या, आणि सोडायचा सोडून तो चोळतच बसल्या.