बाबांच्या मोटारसायकलचे नवे दिवे

देवावर रुसण्याची आमच्या घरात रीत नाही. मी मात्र गेल्या वर्षी श्रावणापासून दत्तमहाराजांवर रुसलो होतो, आणि हे मी आईलाही सांगितलं नव्हतं.

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीतले. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर परळच्या एका छापखान्यात लागले. मी पाचवीत असताना त्यांनी मोटारसायकल घेतली आणि तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी ते आईला मागे बसवून गिरगावातल्या एका वाडीतल्या लहानशा दत्तमंदिरात न्यायचे. निघण्याआधी जुन्या गंजिफ्रॉकच्या तुकड्याने चारही इंडिकेटर पुसायचे. मी पेट्रोलच्या टाकीवर बसून बटण सरकवायचो आणि चाळीच्या भिंतीवर नारिंगी उजेड यायचा-जायचा. तेवढ्यासाठी मी गुरुवारी खेळ सोडून खाली थांबत असे.

बाबा गेल्यावर गुरुवारची फेरी माझ्याकडे आली. गाडी म्हातारी झाली होती. इंडिकेटर भर उजेडात पेटलेत की नाही तेच कळत नसे. श्रावणातल्या गुरुवारी परळला मी उजवीकडे वळलो आणि मागच्या टॅक्सीवाल्याला माझा इंडिकेटर दिसला नाही. धक्का हलकाच होता, पण आई पडली आणि तिचं मनगट मोडलं. दिवे मंद झालेत हे मला महिनाभर आधीपासून माहीत होतं. तरी दोष दिला तो देवाला. तुझ्याच दाराशी येत होतो ना आम्ही, असं मनात म्हटलं आणि गुरुवार सोडले.

पुढे नव्या इमारतीसाठी चाळ पाडणार म्हणून ती रिकामी करायची वेळ आली. आम्ही अँटॉप हिलला भाड्याने जाणार होतो, आणि गाडी भंगारात द्यायचं मी ठरवून टाकलं होतं. आईचं प्लास्टर निघालं होतं. ती एवढंच म्हणाली, "दत्तजयंतीला एकदा त्यांच्या गाडीवरनं ने रे बाबा. मग काय ती दे कोणाला."

मला नाही म्हणवेना, आणि तिला मागे बसवायची हिंमतही होईना. शेवटी दादरहून चार एलईडी इंडिकेटर आणले. भर दुपारीसुद्धा लख्ख दिसतील असे. दत्तजयंतीच्या सकाळी जुने काढून नवे बसवले, आणि बटण सरकवलं तर ते वेड्यासारखे फडफडायला लागले. मी तारा सोडल्या, पुन्हा जोडल्या. तेच. आई हिरवं लुगडं नेसून, हातात फुलांची पुडी घेऊन पायरीवर बसली होती. मी म्हणालो, "आई, टॅक्सीने जाऊ." तिने पुडी फक्त या हातातून त्या हातात घेतली.

तेवढ्यात पन्नाशी उलटलेली एक बाई आमच्यापाशी थांबली. दुसऱ्या माळ्यावरच्या टोकाच्या खोलीत तिचा जन्म झाला होता. चाळ पाडायच्या आधी एकदा बघून जावं म्हणून आली होती. खोलीला कुलूप होतं, बाहेरूनच हात लावून खाली उतरली होती. जायला निघाली आणि फडफडणाऱ्या इंडिकेटरची घाईची टिकटिक तिच्या कानावर पडली.

"दिवे बदललेत, पण त्यांची उघडझाप करणारा फ्लॅशर जुनाच ठेवलात ना?" ती म्हणाली. "त्याला जुन्या बल्बचा भार हवा असतो. एलईडी फारशी वीज ओढत नाही, म्हणून त्याला वाटतं एखादा बल्ब गेलाय."

मी हातातल्या तारा सोडून तिच्याकडे वळलो. ती हसली. "वीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात काढलीत हो. एलईडीचा फ्लॅशर आणा, आणि दोन डायोड. डायोड विसरू नका."

मी दादरला जाऊन आलो तेव्हा त्या दोघी पायरीवर चहा पीत होत्या, आणि आईने तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं. बाईने नवा फ्लॅशर बसवला. फडफड थांबली, पण आता उजवं बटण सरकवलं की चारही दिवे लागायचे. माझा चेहरा पडला.

"ह्याच्यासाठीच डायोड. तो वीज एकाच दिशेने सोडतो," ती शांतपणे म्हणाली. "मीटरवरच्या बारक्या दिव्यातून वीज पलीकडे जातेय. तिची परतीची वाट बंद करायची, झालं."

तिने पदर खोचला, मीटरखालच्या तारा सोडल्या, डायोड घालून त्या पिळल्या आणि टेप गुंडाळली. मग मला म्हणाली, "सरकवा बटण." उजवीकडचे दोनच दिवे लागले, सावकाश, एका लयीत. आई उठून उभी राहिली.

"बाय, तूही चल दत्ताक," आई म्हणाली.

"नको मावशी. आज मला आमच्या खोलीखाली जरा बसायचंय. तुम्ही निघा, दत्तजन्माची वेळ चुकेल."

परळच्या त्याच वळणावर मी वेग कमी केला आणि उजवा इंडिकेटर लावला. मागे बघितलं तर सगळ्या गाड्या अंतर राखून थांबल्या होत्या. आईचा दुखरा हात माझ्या खांद्यावर होता, आणि तो घट्ट धरलेला नव्हता.

देवळात पाळणा हलत होता. चार महिने मी देवाला सुनवायची वाक्यं जुळवून ठेवली होती; त्यातलं एकही आठवेना. "माझं चुकलं" एवढंच तोंडून निघालं, आणि मग कितीतरी वेळ डोळे वाहत राहिले. आईने सुंठवडा माझ्या हातावर ठेवला.

परत आलो तेव्हा ती बाई गेली होती. हा चमत्कार होता का, मी सांगू शकणार नाही. ती स्वतःचं दुःख घेऊन आली होती आणि जाता जाता आमचं हलकं करून गेली, एवढं खरं. शरण जायचं म्हणजे मोठं काही करायचं असतं अशी माझी समजूत होती. मला त्या दिवशी फक्त, आपल्याला हे जमत नाही असं कबूल करून बाजूला सरकावं लागलं.

गाडी मी दिली नाही. अँटॉप हिलच्या घरी आई रोज तिन्हीसांजेला दिवा लावते आणि घरातल्या एकेकाचं नाव घेऊन देवाकडे त्याचं बरं मागते. शेवटी हळूच "आणि मालती" म्हणते. पायरीवर चहा पिताना आईने तिचं नाव तेवढं विचारून घेतलं होतं. मी मागे उभा राहून हात जोडतो.