दत्ताराम साक्षीला जातो

दत्ताराम परबाला कोर्टाचं बोलावणं आलं, त्या दिवसापासून बहारीनमधल्या आमच्या झिंजच्या खोलीत एकच विषय सुरू झाला: साक्षीला घालायचं काय? बोलायचं काय, हा विषय कुणी काढलाच नाही. मी तर मुळीच नाही. दत्ताराम काय बोलणार, हे मी गृहीतच धरून बसलो होतो.

अठ्ठ्याहत्तर सालचा हिवाळा होता. खोलीत आम्ही तिघे. मी महाडकडचा, जिदहफ्सच्या बाजारात एका व्यापाऱ्याचं गोदाम सांभाळायचो. दत्ताराम मालवणकडचा, बांधकाम कंपनीच्या पिकअपवर ड्रायव्हर. आणि ताहिर रत्नागिरीचा कोकणी मुसलमान, आमच्यात वयाने लहान, तोही ड्रायव्हर, बर्फाच्या व्हॅनवर. नमाज आणि आरती वेगळी असली तरी तव्यावर बांगडा पडला की खोली एक व्हायची.

भानगड झाली ती ताहिरच्या व्हॅनची. बुदैयाच्या रस्त्यावर संध्याकाळी खजुराच्या बागेतून एक म्हातारा शेतकरी गाढवाची गाडी घेऊन बाहेर आला. गाडी आणि व्हॅन एकमेकांवर आदळली आणि म्हाताऱ्याचा पाय मोडला. व्हॅनच्या मालकाने दवाखान्याचा खर्च केला, पण केस उभी राहायची ती राहिलीच. म्हातारा म्हणत होता, व्हॅन सुसाट आली. ताहिर म्हणत होता, गाडीच न बघता पुढे आली. मागून पिकअप घेऊन येत होता आमचा दत्ताराम. पोलिसाने त्याला विचारलं, तू पाहिलंस का? दत्ताराम हो म्हणाला.

त्या एका होकारावर ताहिरचं सगळं टांगलेलं होतं. दोष लागला तर तुरुंग, आणि तुरुंगातून थेट विमान. व्हिसा खलास. गावाकडे त्याची आई मसूदा हिला यातलं काहीच कळवलं नव्हतं.

दत्ताराम मुळात जागेपणी स्वप्नं बघणारा माणूस. चहात साखर घालायचा आणि ढवळायचं विसरून खिडकीबाहेर बघत बसायचा. मग तळाशी साखर सापडली की खूश व्हायचा, जणू कुणी भेट पाठवली आहे. मला त्याचा राग यायचा. वेंधळेपणाचं इतकं कौतुक मला झेपत नाही. पण एक खरं, या माणसाला जन्मात कुणी काही विचारलं नव्हतं. घरी थोरला भाऊ ठरवायचा. इथे फोरमन त्याला नावानेसुद्धा हाक मारायचा नाही, नुसतं 'ड्रायव्हर' म्हणायचा, आणि हा बसल्या जागेवरून उभा राहायचा. आता मात्र न्यायाधीश, कारकून, दुभाषी, सगळे गप्प बसून त्याला विचारणार होते, तू काय पाहिलंस. त्या कल्पनेनेच तो हरखून गेला होता.

आमच्या खोलीचा एक कोट होता. गडद निळा, गरम कापडाचा. दाजी नावाचे एक जुने गृहस्थ कायमचे गावी जाताना तो खुंटीला ठेवून गेले होते. ज्याचा दिवस, त्याचा कोट, असा खोलीचा कायदा. मुलीकडच्यांना फोटो पाठवायचा तर स्टुडिओत तोच कोट, रजेवर निघायचं तर विमानतळावर तोच. दोन वेगवेगळ्या गावांतल्या दोन मुलींनी त्याच एका कोटाला होकार दिलेला आहे. त्यातली एक माझी बायको, म्हणून कोटाची थट्टा मी बेताने करतो.

दुपारी दुकानं बंद असत तेव्हा आम्ही जेवून आडवे व्हायचो. पडद्यातून पिवळट उजेड यायचा, पंखा मंद फिरायचा, आणि दत्ताराम डोळे अर्धे मिटून कपडे चढवायचा. म्हणजे मनातल्या मनात. अधूनमधून मला सांगायचा. आज तो कोट घालून कोर्टाच्या पायऱ्या चढला होता, आणि कोर्ट अगदी त्यांच्या रवळनाथाच्या देवळाच्या मंडपासारखं होतं, खाली गार शहाबादी फरशी, आणि समुद्राचा वारा थेट आत येत होता. दुसऱ्या दिवशी कोटावर काळी टोपी आली. त्यांच्या गावात बोडक्या डोक्याने दिलेल्या साक्षीला कुणी विचारत नाही म्हणे. बहारीनमध्ये काळी टोपी कुठून आणणार, असं मी खेकसलो, तर तो म्हणाला, तिथे होती. पुढे केव्हातरी त्या मंडपात त्याचा मेलेला बापही येऊन बसला, पहिल्या रांगेत, ऐकायला. ते ऐकल्यावर मी खेकसलो नाही.

पेच पडला तो नंतर. तारीख जवळ आल्यावर मी कोट झटकून दाराला अडकवला आणि एकदम माझ्या ध्यानात आलं की दिवस तर दोघांचा आहे. साक्षीदाराचा आणि आरोपीचाही.  ताहिर कोटाकडे बघायचा आणि नजर वळवायचा. त्याला तसं बघताना दत्ताराम बघायचा. दोघे एकमेकांना आधी जेवायला वाढू लागले, आणि खोलीत इतकं सौजन्य मला सहन होईना.

शेवटी दत्तारामनेच कोट उचलला आणि ताहिरच्या खाटेवर ठेवला. त्या दुपारी तो झोपला नाही, आणि मनातल्या मनात काही चढवलंही नाही. मला विचारलं, मग मी काय घालू? मी शहाणपणा केला. म्हटलं, तुझा खाकी युनिफॉर्म धू, कडक इस्त्री कर. खाकीतला माणूस खोटं बोलत नाही असं लोकांना वाटतं. उंटावरचे शहाणे आमच्याकडे निदान गोष्टीत असतात, इथे उंट समोरच होते आणि शहाणा मी.

कोर्टात फरशी होती, वारा नव्हता. आम्ही बाकावर बसलो. कोटाची बाही ताहिरच्या बोटांपर्यंत येत होती, पण गळ्यातल्या टायमुळे तो चांगलाच भारदस्त दिसत होता. शिपायाने त्याला कुणाच्या तरी ऑफिसचा माणूस समजून पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. बिचारा घाबरून बसलाही. मग समोरून हाक आली, ड्रायव्हर कोण?

दत्ताराम उभा राहिला. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय. ताहिर उठेपर्यंत शिपायाने खाकीतल्या दत्तारामचा दंड धरून त्याला आरोपीच्या जागी उभं केलं होतं. मी सांगायला उठलो, तर दुसऱ्या शिपायाने मला खाली बसवलं. दत्ताराम मात्र शांत होता. त्याला वाटलं, साक्ष इथूनच देतात.

कुबड्या टेकत म्हातारा पुढे आला. शपथ घेऊन त्याने सांगितलं की व्हॅन अंगावर येताना मी चालकाचा चेहरा नीट पाहिला, त्याने मला बघूनसुद्धा ब्रेक मारला नाही. न्यायाधीशांनी विचारलं, चेहरा ओळखशील? म्हाताऱ्याने हात लांब करून दत्तारामकडे बोट दाखवलं. हाच तो.

मग दुभाष्याने आरोपीला नाव विचारलं. दत्तारामने आपलं नाव, बापाचं नाव आणि गाव, सगळं खणखणीत सांगितलं. कागदावर ताहिरचं नाव. काही क्षण कुणाला काही उमगेना. पुढच्या खुर्चीवरून लांब बाह्यांचा कोट हळूच उभा राहिला आणि म्हणाला, साहेब, ड्रायव्हर मी.

हसू आवरत कारकुनाने तोंड फिरवलं. न्यायाधीश हसले नाहीत. म्हाताऱ्याला त्यांनी मऊ आवाजात काही विचारलं, म्हातारा मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या शब्दावर उभी राहिलेली केस त्याच्याच बोटाने खाली बसली. ताहिर सुटला. पुढचा साक्षीदार बोलवायची गरज उरली नाही.

घरी येऊन मी सुरमई तळली. ताहिर रडत होता आणि हसत होता, दत्तारामच्या पायाला हात लावायला गेला तर त्याने पाय मागे घेतला. आनंद मलाही झाला होता, भरपूर झाला होता, पण दत्ताराम युनिफॉर्म न काढता खिडकीपाशी बसून राहिला तेव्हा मला कळलं की याचं काहीतरी हुकलं. ताहिरलाही कळलं असावं. त्याने कोट उतरवला, दत्तारामच्या खांद्यांवर घातला आणि समोर जमिनीवर मांडी घालून बसला. मीही स्टोव्ह बंद करून त्याच्या शेजारी बसलो. ताहिरने विचारलं, "दत्ताभाऊ, सांगा. तुम्ही काय पाहिलंत?"

दत्तारामने कोटाची कॉलर नीट केली. 

"पोपट," तो म्हणाला. "खजुरीर पोपट बसत होते. आमच्या माडार बसतत तसे. दिस बुडाक इललो, नि ते उतरत होते एकामागसून एक. मगे आवाज इलो, तेवा मी रस्त्याकडे बघलंय."

 मला आठवडाभराच्या सगळ्या दुपारी आठवल्या, तो कोट, ती टोपी, पहिल्या रांगेतला बाप. मी विचारलं, मग पोलिसाला हो का म्हणालास?

"तेणी इचारल्यान म्हणान," दत्ताराम म्हणाला. मग खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाला, "त्या म्हाताऱ्यान पण बघूक नाय, मी पण बघूक नाय. पण तेका इचारल्यानी तरी."