गुलाबी कुठं सुरू होतं

टायट्रेशन सोपं असतं, असं मॅडमनी पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगितलं. उभ्या नळीसारख्या ब्युरेटमधून अल्कली थेंबथेंब सोडायचं, खालच्या फ्लास्कमधल्या, रंग बदलणारा इंडिकेटर घातलेल्या आम्लात ते हलवत राहायचं आणि फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं. थांबणं सोडलं तर मला यातलं सगळं जमत होतं.

मी पिंपळगाव राजाहून एसटीने खामगावच्या कॉलेजात जायचो. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. रोल नंबरप्रमाणे जोड्या लागल्या आणि माझ्या वाट्याला अमडापूरची एक मुलगी आली. तिचे वडील शिंपी. कमी बोलायची, पण बोलली की ते जर्नलमध्ये लिहून घ्यावं असं असायचं.

तिचं रीडिंग, म्हणजे लागलेलं अल्कली, तिन्ही वेळा दहा पूर्णांक दोन मिलिलिटर आलं. माझी आली अकरा पूर्णांक सहा, तेरा आणि बारा पूर्णांक चार.

"थांबत काऊन नाही तू?" तिने विचारलं.

"रंग तर येऊ दे."

"रंग? हे पाह्य, किती भडक झालं! राणी कलर झाला."

"मले तर आता कुठं जरासं मळकट दिसून राह्यलं."

मी गंमत करतोय असं तिला वाटलं. मला वाटलं, तीच घाई करते आहे. दोन-तीन आठवडे आम्ही एकमेकांविषयी हे मत कायम ठेवलं.

मग क्षार ओळखायचे प्रयोग सुरू झाले. तारेच्या टोकावर क्षार घेऊन बर्नरच्या ज्योतीत धरायचा आणि ज्योतीचा रंग लिहायचा. पुस्तकात विटकरी, किरमिजी, सफरचंदी हिरवा असे रंग दिले होते. मी चार क्षार तपासले आणि चारही वेळा 'पिवळसर' असं लिहिलं. मॅडमनी जर्नल पाहिलं.

"पिवळी ज्योत सोडियमची. तुझ्याकडे सगळ्यांत सोडियमच निघतं का रे?"

मी म्हटलं, "हो मॅडम."

त्यांनी कपाटावरच्या दोन बाटल्या माझ्यासमोर ठेवल्या आणि बुचांचे रंग विचारले. मी सांगितलं, दोन्ही तपकिरी. एक लाल होतं आणि एक हिरवं, हे मला नंतर कळलं. मॅडम रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन ये."

डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक उघडलं आणि आकडा वाचायला सांगितला. मी म्हटलं, आकडा नाही. त्यांनी पान उलटलं. तिथंही नव्हता. असं बराच वेळ चाललं. शेवटी ते म्हणाले, "लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा आहे. जन्मापासूनच."

"औषध?"

"नाही."

"मग काय करू?"

"काही नाही. फक्त रेल्वेचा ड्रायव्हर व्हायचं मनात असेल तर काढून टाक."

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. लहानपणी मिरचीच्या तोड्याला मला शेतात नेलं की मी लाल मिरच्यांसोबत हिरव्याही तोडून आणायचो. घरात माझं नाव कामचुकार असं पक्कं झालं होतं. माझ्या पाटीतल्या मिरच्या पाहून बाबा म्हणायचे, "याचं ध्यान कुठं राह्यते काय मालूम." आईला तेच आठवत असावं. तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, "तुह्या मामाचंबी असंच होतं."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे आईच्या माहेराकडून येऊ शकतं. म्हणून रविवारी मी वडनेर भोलजीला मामाकडे गेलो. मामा पन्नाशीचा, शेती करणारा. मी मोबाइलवर ठिपक्यांचं तसंच एक चित्र शोधून त्याच्यापुढे धरलं. त्याने चष्मा पुसला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"यात काईच नाही ना बे."

"मलेबी काई दिसून नाही राह्यलं, मामा."

मामी चहा घेऊन आली आणि वाकून म्हणाली, "त्र्याहत्तर."

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. मामाने पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. त्याने चहा बशीत ओतला, पण प्यायला नाही. मी त्याला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मिरच्या तोडतानी बापाच्या हातचा लय मार खाल्ला मी. म्हणे, आळशी आहे. पाहून तोडत नाही." मग बशी खाली ठेवत, "म्हणजे मी आळशी नव्हतो."

"त्यायचा आळस अलग हाय," मामी मला म्हणाली आणि आत गेली. मामा हसला, पण डोळे पुसत हसला. बशीतला चहा तोपर्यंत गार झाला होता.

सोमवारी मी प्रॅक्टिकलच्या पार्टनरला सांगितलं की केमिस्ट्री सोडतो. तिने विचारलं, "दोन फ्लास्क समोर ठेवले तर फरक कळते का तुले?"

"कसला फरक?"

"रंग नको पाहू. बाबा दोरा नुसता हातात धरून नाही पाहात, कापडावर ठेवून पाह्यतात."

तिने एका फ्लास्कमध्ये आम्ल आणि इंडिकेटर टाकून तो तसाच बाजूला ठेवला. खाली पांढरा कागद. एकेक थेंब सोडताना मी दोन्ही फ्लास्क पाहायचे आणि थेंब पडणारा किंचित मळला की थांबायचं. त्यानंतर मधल्या सुट्टीत आम्ही हेच केलं. लॅबचे अटेंडंट काका उरलेलं द्रावण द्यायचे आणि दर वेळी म्हणायचे, "काच फोडू नका." आम्ही एकही फोडली नाही, तरी त्यांनी म्हणणं सोडलं नाही. महिनाभरात माझं रीडिंग दहा पूर्णांक तीनवर आलं.

परीक्षेला प्रत्येकाने एकट्याने करायचं होतं. माझ्या चिठ्ठीत टायट्रेशन आणि एक क्षार निघाला, पण टायट्रेशनचा इंडिकेटर आमचा नेहमीचा, गुलाबी होणारा फिनॉल्फ्थॅलिन नव्हता; मिथाइल ऑरेंज होता. त्याचा पिवळा आणि नारिंगी मला शेजारी ठेवूनही सारखाच दिसे. मी बाहेरून आलेल्या परीक्षकांकडे गेलो आणि सांगून टाकलं.

"आणि केमिस्ट्री घेतली?" ते म्हणाले.

"घेतल्यावर कळलं, सर."

त्यांनी चिठ्ठी पाहिली. "तीव्र आम्ल, तीव्र अल्कली. फिनॉल्फ्थॅलिन वापरलं तर चालेल का?"

"चालेल."

"का?"

मी सांगितलं, शेवटच्या थेंबाला पीएच एकदम उडी मारतो आणि त्या उडीत दोन्ही इंडिकेटर बदलतात.

"मग वापर," ते म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले.

तीन रीडिंग जुळली. क्षाराच्या ज्योतीचा रंग मात्र मी अंदाजाने लिहिला आणि तो चुकला. पास झालो.

पार्टनर पुढच्या वर्षी फार्मसीला गेली. जाताना तिने मला पांढऱ्या कागदांचा एक गठ्ठा दिला. मी म्हटलं, इतके कशाला? ती म्हणाली, "डाग पडतात." मी केमिस्ट्रीच ठेवली. नव्या पार्टनरला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं. त्याने समजून घेतल्यासारखी मान हलवली आणि माझ्या शर्टाकडे बोट दाखवून विचारलं, "हा कोणता कलर आहे सांग बरं?"

मला माहीत नव्हतं. तो आईने घेतला होता.