आप्पांना खरा शेवट सांगू का?

मंडळी, दुपारपासून काही सुचत नाहीय, म्हणून तुम्हालाच विचारते.

माझ्या सासऱ्यांचं, आप्पांचं, सोमवारी बेळगावात हृदयाचं ऑपरेशन आहे. त्यांना कन्नड वाचता येत नाही. म्हणून सहावीतली माझी श्रेया शाळेतून आणलेली एक कन्नड कादंबरी रोज त्यांना मराठीत सांगते. निपाणीच्या आमच्या घरात सध्या सगळेच त्या गोष्टीत अडकलेत. नवरासुद्धा कामावरून फोन करून विचारतो, आज काय झालं म्हणून.

आज कादंबरी संपली. त्यातला आजारी म्हातारा बरा होऊन घरी आला. आप्पा खूश झाले. नंतर मी सहज शेवटचं पान वाचलं, तर म्हातारा दवाखान्यातच मरतो.

श्रेयाला विचारलं. ती म्हणाली, "आई, आप्पांचं सोमवारी ऑपरेशन हाय न्हवं?" मी चहा ठेवायला उठले.

चहा घेऊन गेले, तर आप्पा हळूच म्हणाले, "पोरीनं शेवटचं पान न उलटताच पुस्तक मिटलं गं. म्हातारा गेला व्हय?"

दूध उतू जातंय म्हणत मी स्वयंपाकघरात पळाले. ते पुन्हा विचारणार. तुम्ही काय सांगितलं असतं?